घरातली माणसं पडू नयेत म्हणून घरात काय बदलावं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी फिजिओथेरपिस्ट आहे. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेल्या आजी-आजोबांना पुन्हा चालतं करायला मी त्यांच्या घरी जाते. म्हणजे मी पोचते तेव्हा पडणं होऊन गेलेलं असतं. "कसा पाय गेला, कळलंच नाही," असं जवळजवळ प्रत्येक घरात ऐकायला मिळतं. जागा दाखवायला सांगितली की मात्र कळतं. बाथरूमच्या दारातलं सरकणारं पायपुसणं, पलंगावरून जमिनीपर्यंत लोंबणारी चादर, कपाटापर्यंत ओढलेली चार्जरची वायर, किंवा अंगणात पाऊस पडून गेल्यावर राहिलेलं शेवाळ. घरची माणसं, त्यातही मुली, सुना आणि परगावी असलेली मुलं, जे प्रश्न मला पुन्हापुन्हा विचारतात ते उत्तरांसह इथे लिहिले आहेत.

आमच्याकडे अजून कोणी पडलेलं नाही. मग आत्तापासून कशाला एवढं?

कारण एकदा पडलेल्या माणसाची पुन्हा पडण्याची शक्यता दुप्पट होते. पहिलं पडणं टाळता आलं तर ते सगळ्यांत स्वस्त. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसं पडल्यामुळे दगावतात. त्यांतली ८० टक्क्यांहून जास्त आपल्यासारख्या कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात, आणि साठीपुढची माणसं त्यांत सर्वाधिक. अपघाती मृत्यूंमध्ये रस्त्यावरच्या अपघातांच्या खालोखाल पडण्याचाच क्रमांक लागतो.

"वय झालं, आता पडायचंच," हे वाक्य मला अजिबात पटत नाही. पडण्याला सहसा एकच कारण नसतं. ओली फरशी, अंधार, झोपेची गोळी आणि लघवीला जायची घाई अशा चार गोष्टी एका वेळी जुळून येतात. त्यांतली एक जरी काढून टाकली तरी पुष्कळदा पडणं टळतं. वय कमी करता येत नाही, पण फरशी कोरडी ठेवता येते.

सुरुवात कुठून करायची? सगळं घर एकदम बदलणं शक्य नाही.

पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेपासून. सगळं घर राहू द्या, ही एक वाट आधी नीट करा.

त्यासाठी एक काम करा. रात्री दोन वाजता उठा, दिवे लावू नका, चष्मा काढून ठेवा, आणि आई ज्या पलंगावर झोपते तिथून संडासापर्यंत चालत जा. दिव्याचं बटण हाताला लागेपर्यंत किती पावलं अंधारात टाकावी लागतात ते मोजा. वाटेत खुर्चीचा पाय लागतो का, नातवाची गाडी पडलेली असते का, बाथरूमच्या दारात पाणी अडवायला केलेली दोन इंचांची पायरी दिसते का, हे बघा. ही चक्कर मारलेल्या मुलांना मला पुढे फारसं समजावून सांगावं लागत नाही.

मग करायचं एवढंच: पलंगावरून न उठता हाताला लागेल असा दिवा, वाटेत हालचाल झाली की आपोआप लागणारे छोटे दिवे, वाट पूर्ण मोकळी, आणि बाथरूमच्या पायरीच्या कडेला फरशीपेक्षा वेगळ्या रंगाची ठळक पट्टी. पांढऱ्या फरशीला पांढरी पायरी म्हातारपणी दिसतच नाही. वीज वारंवार जात असेल तर वीज गेल्यावरही जळत राहणारा चार्जिंगचा बल्ब तिथे लावा. उशीखाली टॉर्च असावाच.

गुडघे फार दुखत असतील किंवा रात्री तीन-चार वेळा उठावं लागत असेल, तर पलंगाशेजारी कमोड खुर्ची किंवा लघवीचं भांडं ठेवण्यात कसलाही कमीपणा नाही. झोपण्याआधीच्या दोन तासांत पाणी, चहा कमी करा. पण दिवसभराचं पाणी तोडू नका. पाणी कमी पडलं की उभं राहिल्यावर चक्कर येते, म्हणजे एक टाळायला जाऊन दुसरंच ओढवतं.

बाथरूममध्ये नेमकं काय करायचं?

इथे मी जास्त लिहिणार आहे, कारण पाणी, साबण, गुळगुळीत फरशी आणि उघडं अंग या सगळ्यांची गाठ इथेच पडते.

पहिलं, आंघोळ बसून. पाटावर नव्हे. पाटावरून उठताना गुडघ्यांवर सगळा भार येतो आणि हात आधारासाठी नळाकडे जातो. गीझरचा नळ माणसाचं वजन पेलायला बनवलेला नसतो. हलकं प्लास्टिकचं स्टूलही नको, ओल्या फरशीवर ते उलटतं. रुंद पायांची, पायांना रबर असलेली, पाठ आणि हात असलेली आंघोळीची खुर्ची सर्जिकल सामानाच्या दुकानात मिळते. बादली जमिनीवर ठेवली तर प्रत्येक तांब्यासाठी वाकावं लागतं. म्हणून बादली दुसऱ्या भक्कम स्टुलावर, मांडीच्या उंचीला ठेवा. साबणाची वडी हातातून निसटते आणि तिच्यामागे माणूस वाकतो. ती जाळीच्या पिशवीत घालून खुर्चीला बांधा.

दुसरं, आंघोळ झाली की फरशी वायपरने ओढून कोरडी करायची. हे काम आजीचं नाही, तिच्यामागून आंघोळीला जाणाऱ्याचंही नाही. घरात एकाने ते आपलं म्हणून घ्यायचं. कपडे तिथेच धुतले जात असतील तर साबणाचं पाणी नीट निघून जाईल एवढं जास्तीचं पाणी ओता. फेसाचा पातळ थर वाळल्यावर दिसत नाही, आणि पुन्हा पाणी पडलं की तोच निसरडा होतो.

तिसरं, दार. बाथरूमचं दार आत उघडत असेल आणि माणूस दाराला टेकून पडला, तर बाहेरून दार ढकलता येत नाही. सुताराला सांगून ते बाहेर उघडणारं करून घ्या. आतून कडी काढूनच टाका. बाहेरून नाण्याने उघडता येईल असं लॅच बसवा. लाज वाटत असेल तर दाराला पडदा किंवा "आत आहे" अशी पाटी लावा. कडी लावून आत पडलेल्या माणसासाठी दार तोडावं लागलेलं मी पाहिलं आहे. त्यात जी वीस मिनिटं गेली ती कोणालाच परत मिळाली नाहीत.

चौथं, पायपुसणं. कापडी, सुटं पायपुसणं बाथरूमच्या दारात नको. खाली रबर असलेलं, फरशीला घट्ट बसणारं घ्या. नाही मिळालं तर काहीच नसलेलं बरं.

आधाराची दांडी कुठे आणि किती उंचीवर लावायची? टॉवेलची दांडी चालेल ना?

टॉवेलची दांडी चालणार नाही. ती टॉवेलासाठी असते. तोल जाताना माणूस सगळं वजन एका हातावर टाकतो, आणि दांडी भिंतीतून निघून येते. आधार सोडाच, वर लोखंड अंगावर पडतं.

दोन दांड्या पुरतात: एक कमोडच्या शेजारी, एक आंघोळीच्या जागेजवळ. दांडीची जाडी मुठीत नीट मावेल अशी, साधारण सव्वा ते दीड इंच हवी. भिंत आणि दांडी यांच्यात दीड इंच जागा ठेवा, म्हणजे बोटं अडकत नाहीत. उंची साधारण जमिनीपासून ३३ ते ३६ इंच. पण हा आकडा सगळ्यांना लागू पडत नाही. आपल्या आज्या ठेंगण्या असतात. म्हणून भोक पाडण्याआधी आजीला तिथे बसवून हात कुठे जातो ते बघा, तिथे पेन्सिलीने खूण करा, आणि मग प्लंबरला बोलवा.

भिंत कसली आहे ते प्लंबरला आधी बघायला लावा. विटांच्या भिंतीत फास्टनर घट्ट बसतो. नव्या इमारतींत सिपोरेक्सच्या हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात. त्यात साधी गिट्टी आणि स्क्रू धरत नाहीत, वेगळे फास्टनर किंवा केमिकल घालून बसवावं लागतं. दांडी लावून झाली की घरातल्या सगळ्यांत वजनदार माणसाने तिला लटकून पाहायचं, हे मी प्रत्येक घरी करायला लावते. टाइलला हवा काढून चिकटवायच्या दांड्या मिळतात, त्या मात्र घेऊ नका. त्या कधी सुटतील याचा नेम नसतो.

टाइल्स उखडून नव्या टाकाव्या लागतील का?

नाही. चकचकीत व्हिट्रिफाइड टाइल्स पाणी पडल्यावर काचेसारख्या होतात हे खरं. पण फरशी बदलणं हा शेवटचा उपाय. आधी कोरडेपणा, मग बाथरूममध्ये खाली फरशीला चिकटणाऱ्या रबरी वाट्या असलेली मॅट, आणि घसरण रोखणाऱ्या खरखरीत पट्ट्या. एवढ्यावर बहुतेक घरं भागतात. नवं घर बांधत असाल किंवा बाथरूम नव्याने करत असाल, तर मात्र दुकानदाराकडे मॅट फिनिशची, घसरण रोखणारी टाइल मागा. नमुना ओला करून त्यावर ओला तळवा घासून पाहा, आणि मगच ठरवा. जुनी शहाबादी फरशी या बाबतीत नव्या टाइल्सपेक्षा कितीतरी बरी, फक्त तिच्यावर शेवाळ धरू देऊ नका.

घरी भारतीय पद्धतीचा संडास आहे. आजीला कमोड आवडत नाही.

आजीला उठता-बसता येत असेल आणि गुडघ्यांनी साथ सोडली नसेल तर सवय मोडायची गरज नाही. फक्त समोर किंवा बाजूला धरायला दांडी लावा. अडचण येऊ लागली की भांड्याच्या वर ठेवायची, मधे भोक असलेली खुर्ची मिळते. तोडफोड लागत नाही. कमोड असेल आणि तो फार बुटका असेल, तर त्यावर बसवायची उंच सीट मिळते. बसल्यावर मांड्या जमिनीला समांतर राहायला हव्यात. गुडघे कमरेच्या वर गेले तर उठणं अवघड होतं. ही परीक्षा पलंगालाही लावा आणि रोजच्या खुर्चीलाही.

पलंग, खुर्ची, सतरंजी यांत काय बघायचं?

पलंगावर बसल्यावर दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. खुर्चीला हात हवेत. खोल सोफ्यात रुतून बसणं टाळा, तिथून उठताना माणूस मागे पडतो. चाकांची खुर्ची नको. सतरंजी, गालिचे वाटेतून काढा, नाहीतर खाली चिकटपट्टी लावून कडा बसवून टाका.

जमिनीवर बसायचं की नाही, हेही लोक विचारतात. पूजेला, जेवायला जमिनीवर बसून उठता येत असेल तर ते बंद करू नका. मांडी घालून बसणं आणि उठणं हा पायांचा उत्तम व्यायाम आहे. फक्त शेजारी भक्कम खुर्ची ठेवा, उठताना तिचा आधार घेता येईल अशी.

गावाकडचं घर आहे. उंबरठे, ओसरी, ओटा, अंगण. तिथे काय करणार?

उंबरठा तोडायची गरज नाही, आणि आजी तो तोडूही देणार नाही. त्याच्या माथ्यावर आणि दोन्ही बाजूंना ठळक रंग द्या, दाराच्या चौकटीला धरायला दांडी लावा. उतरण करायची असेल तर प्रमाण १:१२ ठेवा, म्हणजे ६ इंच उंचीला निदान ६ फूट लांब उतरण. गवंडी बहुतेक वेळा जागा वाचवायला तीन फुटांत उरकतात. ती घसरगुंडी होते.

कोकणात पावसाळा हीच खरी अडचण. जुन्या माणसांनी अंगणात वाटेवर झावळ्या टाकायची पद्धत ठेवली होती ती उगीच नव्हे. चिऱ्यांवरचं आणि कोब्यावरचं शेवाळ पावसाळ्याच्या आधी ताठ ब्रशने खरवडा, ब्लीचिंग पावडर टाका, आणि पागोळ्या जिथे पडतात तिथून चालायची वाट दूर न्या. तुळशीपर्यंतच्या वाटेला कठडा लावा, आजी तिथे रोज जाणारच. संडास घराबाहेर असेल तर त्या वाटेवर दिवा आणि एका बाजूला धरायला दोर किंवा बांबूचा कठडा हवाच. माडीवर जायच्या सरळ लाकडी जिन्याला मधोमध दोर सोडलेला असायचा, तो कल्पकतेचा नमुना होता. पण जिन्यावरून सामान घेऊन चढणं-उतरणं साठीनंतर थांबवा. माळ्यावरचं पिंप, पापडाचा डबा खाली आणून ठेवा.

इमारतीच्या जिन्यात काय बघायचं?

दोन्ही बाजूंना कठडा, शेवटच्या पायरीच्या पुढेही फूटभर लांब गेलेला. पुष्कळ लोक शेवटच्या पायरीवर पडतात, कारण पायऱ्या संपल्या असं त्यांना वाटतं. प्रत्येक पायरीच्या कडेला उठून दिसणारी पट्टी, आणि दिव्याचं बटण वर-खाली दोन्हीकडे. यासाठी सोसायटीच्या सभेत अर्ज द्या. सोसायटीतल्या आणखी चार घरांत सत्तरीची माणसं असतात, ती सोबतीला येतील.

स्वयंपाकघरात आई स्टुलावर चढते.

स्टूल फेकून द्या. हे मी मनापासून सांगते. रोज लागणारी भांडी, डबे कमरेपासून खांद्यापर्यंतच्या उंचीत आणा. ओट्याच्या वरच्या कपाटात वर्षातून एकदा लागणाऱ्याच वस्तू राहू द्या, त्या घरातली तरुण माणसं काढून देतील. तेल, पीठ, पाणी सांडलं की लगेच पुसायचं. ओट्याजवळ चुलीसमोर पायपुसणं नको.

दिवाळी आली की आमच्याकडे कोणी ना कोणी पडतंच. खरंच काही संबंध असतो का?

संबंध आहे. साफसफाईसाठी माणसं शिड्यांवर, स्टुलांवर चढतात. दारातल्या रांगोळीची भुकटी टाइलवर सांडली की तिच्यावरून पाय सरकतो, म्हणून रांगोळी दाराच्या एका बाजूला काढा, येण्याच्या वाटेत नको. माळांच्या वायरी पायात येतात. आणि अभ्यंगस्नान! तेल लावलेलं अंग, तेलकट तळवे, पहाटेचा अंधार, सगळ्यांची घाई. तेल बाथरूमच्या बाहेर खुर्चीत बसून लावा. तळव्यांना तेल लावू नका, किंवा लावलंच तर आत जाण्याआधी कोरड्या फडक्याने चांगलं पुसा. उटण्याने बाथरूमची फरशी बुळबुळीत होते. म्हणून आजी-आजोबांची आंघोळ सगळ्यांत आधी, फरशी कोरडी असताना, आणि शेजारी कोणीतरी उभं असताना व्हायला हवी.

चपला आणि साडी यांचाही संबंध असतो?

असतो. टाचेला पट्टा नसलेल्या सैल स्लिपर घरातही नकोत. मागून पट्टा असलेल्या, रबरी तळव्याच्या, पायाला बसणाऱ्या चपला हव्यात. मोजे घालून गुळगुळीत फरशीवर चालू नका. साडी किंवा लेंगा पायाच्या घोट्यापर्यंतच असावा. सैल गाऊन पायात येतो, त्याची लांबी शिंपिणीकडून कमी करून घ्या. नऊवारी नेसणाऱ्या आज्यांचं मात्र मला कौतुक वाटतं, त्यांना पाय टाकायला मोकळं राहतं.

आईला उठल्यावर चक्कर येते. घर बदलून त्याला काय उपयोग?

चक्कर हा डॉक्टरांचा विषय आहे, पण घरी एक गोष्ट बघता येते. पाच मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब मोजा, मग उभं करून एक मिनिटाने आणि तीन मिनिटांनी मोजा. वरचा आकडा २० किंवा खालचा १० ने घसरला तर ही उभं राहिल्यावरची घसरण आहे, आकडे लिहून डॉक्टरांना दाखवा. सगळ्या गोळ्या, त्यात दुकानातून आपणहून आणलेल्या आणि जडीबुटीच्याही, एका पिशवीत घालून न्या. झोपेच्या गोळ्या, रक्तदाबाच्या, लघवी होण्याच्या, प्रोस्टेटच्या काही गोळ्या तोल बिघडवतात. मधुमेहात साखर एकदम कमी झाली तरी पडणं होतं. गोळी स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांशी बोला.

तोवर सवय अशी लावा: पलंगाच्या कडेला दोन मिनिटं बसायचं, पाय खालीवर हलवायचे, उभं राहून काहीतरी धरून दहा आकडे मोजायचे, मग पाऊल टाकायचं. फोन वाजू द्या, दार वाजू द्या. आईला सांगून ठेवा की उशीर झाला तरी चालतं.

डोळ्यांची तपासणी करायला हवी का?

वर्षातून एकदा नक्की. मोतीबिंदू असेल तर ऑपरेशन लांबवू नका. दूरचं आणि जवळचं एकाच काचेत असलेला चष्मा जिना उतरताना खालची पायरी धूसर दाखवतो. बाहेर चालायला फक्त दूरचा वेगळा चष्मा करून घ्या.

व्यायामाने खरंच फरक पडतो?

पडतो, आणि माझ्या मते दांड्या लावण्याइतकाच. दांड्या-दिव्यांचं काम एकदा करून संपतं, हे मात्र रोजचं आहे. तोल आणि पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, असं २०१९ च्या मोठ्या वैज्ञानिक आढाव्यात दिसलं आहे. न्यूझीलंडच्या ओटागो विद्यापीठात तयार झालेला घरी करायचा कार्यक्रम जगभर वापरला जातो. त्यात आठवड्यातून तीनदा अर्धा तास पाय आणि तोल यांचे व्यायाम, आणि दोनदा चालणं असतं.

घरी सुरुवातीला एवढंच करा. हात असलेल्या भक्कम खुर्चीतून दहा वेळा उठा-बसा, हळू. ओट्याला धरून टाचा वर उचला, दहा वेळा. मग ओट्याजवळ एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लागेल असे पाय ठेवून दहा सेकंद उभे राहा, पडू नये म्हणून ओट्यावर बोट टेकवून. योगाची सवय असेल तर भिंतीजवळ ताडासन उत्तम.

परीक्षाही घेता येते. हात छातीवर घडी घालून ३० सेकंदांत खुर्चीतून पूर्ण उठता-बसता किती वेळा येतं ते मोजा. सत्तर ते चौऱ्याहत्तर वयाच्या पुरुषाला १२ पेक्षा कमी, स्त्रीला १० पेक्षा कमी जमलं तर धोका आहे असं मानतात. दुसरी परीक्षा: खुर्चीतून उठून ३ मीटर चालायचं, वळायचं, परत येऊन बसायचं. याला १२ सेकंद किंवा जास्त लागत असतील तर फिजिओथेरपिस्टला गाठा. शेजारी कोणी असल्याशिवाय या परीक्षा घेऊ नका.

काठी कोणत्या हातात धरायची?

दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. पुष्कळ लोक उलटं करतात. उंची: हात सरळ खाली सोडल्यावर मनगटाच्या रेषेपर्यंत. टोकाचं रबर झिजलं की बदला. काठीने तोल सांभाळता येत नसेल तर वॉकर घ्या.

बाबा ऐकतच नाहीत. काठीचं नाव काढलं की चिडतात.

त्यांना काठी नकोशी होत नाही, "मी म्हातारा झालो" हे मान्य करणं नकोसं होतं. म्हणून "पडाल" असं म्हणूच नका. त्यांना काय करायचं आहे ते विचारा. बाबांना रोज सकाळी वाचनालयात जायचं असेल, तर दांडी आणि काठी वाचनालयात जाता यावं म्हणून आहेत. बाथरूमच्या दांडीची जागा त्यांनीच ठरवू द्या. बाबांच्या जुन्या मित्राकडे दांडी आहे असं कळलं की त्यांचाही सूर बदलतो, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

आणि चुकूनही "तुम्ही उठू नका, मी आणते" हा नियम घरात लावू नका. त्यात प्रेम असतं, पण बसून बसून पायातली ताकद जाते आणि मग पडणं नक्की होतं. घर बदला, माणसाला खुर्चीत बांधून ठेवू नका.

आई एकटी राहते, आम्ही परदेशात आहोत.

मोबाइल गळ्यात, बाथरूममध्येही, पाण्यात न भिजणाऱ्या पिशवीत. शेजाऱ्यांकडे किल्ली, आणि सकाळी ठरलेल्या वेळी फोन करायचा, उचलला नाही तर कोणी जाऊन बघायचं हे नक्की ठरलेलं. घंटेचं बटण गळ्यात घालायची उपकरणंही मिळतात. रुग्णवाहिकेसाठी १०८, ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे नंबर मोठ्या अक्षरांत, जमिनीवर बसून दिसतील एवढ्या खाली भिंतीवर लावा.

सरकारी मदत मिळते का?

राष्ट्रीय वयोश्री योजना २०१७ पासून आहे, त्यात दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना काठी, वॉकर, चष्मा, चाकाची खुर्ची अशी साधनं दिली जातात. महाराष्ट्राच्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षं पूर्ण झालेल्या, वार्षिक उत्पन्न २ लाखांपर्यंत असलेल्या नागरिकांना साधनांसाठी ३,००० रुपये एकदा थेट खात्यात मिळतात. चौकशी जिल्ह्याच्या समाजकल्याण कार्यालयात करा.

पडल्यावर लगेच काय करायचं?

उचलू नका. आधी विचारा, कुठे दुखतं. पाय आखूड आणि बाहेरच्या बाजूला वळलेला दिसत असेल, टेकवता येत नसेल, तर खुबा मोडलेला असू शकतो. ओढू नका, मालिश करू नका, हाडवैद्याकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा, खायला-प्यायला देऊ नका, कारण ऑपरेशन लागू शकतं, आणि ते शक्यतो ४८ तासांत व्हावं. डोक्याला लागलं असेल आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या. डोक्यात हळूहळू साकळलेलं रक्त कधी कधी आठवड्यांनी त्रास देतं: डोकेदुखी, झोपाळूपणा, बोलण्यात गोंधळ.

एकटं असताना पडलं आणि काही मोडलेलं वाटत नसेल तर: घाई नाही, आधी श्वास. कुशीवर वळा, कोपरांवर रेटा, मग हात-गुडघ्यांवर या, रांगत भक्कम खुर्चीपर्यंत जा, दोन्ही हात खुर्चीवर, ताकदीचा पाय पुढे, उठा आणि वळून बसा. ही कृती चांगल्या दिवशी कोणासमोर करून ठेवलेली असावी. उठता आलं नाही तर पांघरूण ओढून अंगावर घ्या, भिंत किंवा जमीन वाजवत राहा.

पडल्यापासून आजी घराबाहेरच पडत नाही. काय करावं?

भीती समजण्यासारखी आहे. पण त्या भीतीनेच पाय कमजोर होतात. पहिला आठवडा घरातल्या घरात, तुमचा हात धरून, तुळशीच्या कुंडीपर्यंत. नंतर दारापर्यंत, मग लिफ्टजवळ, रोज दोन-चार पावलं जास्त. थकली तर टेकायला मधे खुर्ची ठेवा. तिसऱ्या आठवड्यात लिफ्टने खाली उतरून बाकावर बसायचं, आणि परत. खाली बाक नसेल तर सोसायटीला एक बसवायला सांगा, पाठ आणि हात असलेला.